नामदेवकडे ठेवलेली किल्ली

सणसर सोडले त्या दिवशी माझी वळकटी, लोणच्याच्या दोन बरण्या आणि मी, असे नामदेवच्या गाडीतून पुण्याला निघालो. मुलाकडे, कायमचे. आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे जिथे टॅक्सी लावली, त्या बारामतीच्या स्टँडवर तुम्ही गाडी थांबवलीत, मला नारळ दिलात, शाल दिलीत. स्टिअरिंगवर बसलेल्या नामदेवकडे एकानेही पाहिले नाही. त्याने काच वर घेतली. पार कऱ्हाटी गाव मागे पडल्यावर तो एवढेच म्हणाला, "तात्या, गोळ्या घेतल्या का?"

स्टँडवरच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांनो, त्याच्याकडे पाठ फिरवायला तुम्हाला मीच लावले. ते आता निस्तरतो.

बारामतीत ॲप आले तेव्हा आपण कडुनिंबाखाली शपथ घेतली. मोबाईलवरचे भाडे घ्यायचे नाही. घेईल त्याचा रांगेतला नंबर कायमचा बंद. सर्वांत मोठा आवाज माझा होता. पण पुण्याहून गाडी रिकामी परत आणताना जीव जळायचा. आपल्याच डोळ्यांदेखत बारामतीची गिऱ्हाइके ॲपच्या गाडीत बसायची. मोतीबिंदूमुळे माझे लायसन नूतनीकरणात अडकलेले, म्हणून ॲपवर माझी गाडी नोंदवायला नामदेवची कागदपत्रे मागितली. "परतीपुरतंच," म्हणालो. त्याने फोटोही काढू दिला. "मिशी नीट येऊ द्या तात्या, न्हाय तर गिऱ्हाईक पळंल."

परतीपुरते राहिले नाही. मी बारामतीतही भाडी घेऊ लागलो, स्टँडपासून लांबच्या कोपऱ्यावरून. एकदा दुपारी एक मुलगी त्या कोपऱ्यावर न थांबता थेट स्टँडवर आली आणि माझ्या गाडीपाशी उभी राहिली. "गाडी हीच आहे, पण हे काका कुठे आहेत?" मोबाईलवर नामदेवचा फोटो. सगळे गोळा झाले. स्टँडचे अध्यक्ष आबा माझ्याकडे वळले, "तात्या, गाडी तुमची अन् थोबाड याचं. ह्यो काय परकार हाय?"

माझ्या खिशात मोबाईल थरथरत होता. तो मी बाहेरूनच दाबून बंद केला आणि म्हणालो, "मी जेवायला जातो तवा किल्ली नामदेवकडंच असती."

जेवायला जाताना किल्ली मागच्या गाडीवाल्याकडे द्यायची, रांग सरकली की त्याने आपलीही गाडी पुढे घ्यायची, ही आपली जुनी रीत. त्या किल्लीवर कधी कुणी संशय घेतला नव्हता. माझ्या माघारी नामदेवच माझी गाडी ॲपवर चालवतो असे भासवायला मी नेमका तोच विश्वास वापरला.

"व्हय का रं?" आबा गरजले. "बोल की!"

नामदेवने माझ्याकडे पाहिले. त्याच्या एका शब्दात मी उघडा पडलो असतो. तो म्हणाला, "तात्या म्हणत्यात तर आसंल." आणि रांगेतून गाडी काढून निघून गेला.

पुण्यात गुडघ्यांमुळे मला रोज तेच ॲप लागते. सून बुक करून देते, मी ओटीपी सांगतो आणि मागे बसतो. कधी वीस मिनिटे गेटवर ताटकळवून राइड रद्द करतात. कधी फोटोतला माणूस वेगळा आणि चालवणारा वेगळा असतो. "विचारत जा ना बाबा, आपण तक्रार करू," सून म्हणते. कोणत्या तोंडाने विचारू? ॲपने आपले वाटोळे केले, असे मी इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. ॲपने आपली भाडी नेली, हे खरेच आहे. नामदेवला मात्र मी घालवले.

ऐकतो की तो अजून रस्त्यापलीकडे, पंक्चरच्या दुकानाशेजारी एकटाच गाडी लावतो. चहालाही त्याला कुणी हाक मारत नाही.

मुलगा विचारतो, घरी एक चक्कर मारू या का? सणसरच्या घराचे कुलूप काढायला कितीसा वेळ लागतो! पण वाटेत स्टँड आहे. आणि आता कळते की घर मला तिथेच होते, जिथे किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन निवांत जेवता येत होते.

रविवारी येतो आहे. आबा, नामदेवला रस्त्याच्या अलीकडे बोलवा आणि त्याच्यासमोर हे वाचा. शाल मी आणतो आहे. त्या दिवशी तुम्ही ती मागच्या सीटवरच्या माणसाला दिलीत. ती स्टिअरिंगवरच्या माणसाची होती.