खाली आप्पा होते

नांदेडच्या धावपट्टीवर आम्ही बहुतेक वेळा ज्या बाजूने उतरतो, त्याच बाजूला आमचं शेत आहे. धावपट्टी काही आमच्या सोयीसाठी तशी बांधलेली नाही, पण आप्पांना तसंच वाटायचं. लातूरला बारावी करून डॉक्टर व्हायचं सोडून पोरगी विमान शिकायला गेली, म्हणून आप्पा, माझे वडील, वर्षभर तोंड फुगवून बसले होते. मी को-पायलट होऊन पहिल्यांदा नांदेडला उतरले, त्या दिवसापासून तेच वडील विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर चढायला लागले. हातात लाल रुमाल, आमच्याकडची दस्ती. विमान डोक्यावरून जाईपर्यंत ती हलवत राहायचे. भावकीतले लोक हसायचे.

"दिसलो का?" त्यांनी पहिल्यांदा फोनवर विचारलं.

हो म्हटलं असतं तर काय जात होतं? पण मी सांगितलं, नाही दिसलात. दहा हजार फुटांखाली आलं की आम्हाला कामाशिवाय एक शब्द बोलता येत नाही, गंमत म्हणून खाली बघता येत नाही. वेग, उंची, समोरची धावपट्टी, बस्स. आप्पा रुसले. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"तू नको पाहू. म्या पाहतो की तुला."

पुढे त्यांचे प्रश्न सुरू झाले. चाकं कधी काढता, वारा आडवा असला तर काय करता, आणि नाहीच जमलं तर? मी म्हटलं, नाही जमलं तर उतरायचंच नाही. ठरलेल्या उंचीवर सगळं जागच्या जागी नसेल तर वर जायचं आणि नव्याने यायचं. हे त्यांना फार पटलं. ट्रॅक्टरची ट्रॉली फाटकात वाकडी आली की रेटायची नसते, मागं घेऊन सरळ करायची असते, हे त्यांनी जन्मभर गड्यांना शिव्या देत शिकवलं होतं.

गेल्या मे महिन्यात दवाखान्याने आता उपाय नाही म्हणून आप्पांना घरी न्यायला सांगितलं. मी रजा टाकली. रजेआधीचं शेवटचं विमान नेमकं नांदेडचंच होतं, संध्याकाळचं. "ये तू, वाट पाहून राहिलेत," एवढंच माय म्हणाली. सकाळपासून त्यांना धाप लागली आहे, हे तिने सांगितलं नाही. पोरगी विमान चालवणार, तिचं चित्त कशाला हलवायचं?

खाली यायला लागलो तेव्हा हवा बरी होती. शेवटच्या टप्प्यात वादळी वारा सुटला, धुळीचे लोट उठले. कॅप्टन शेजारी होते, विमान माझ्या हातात होतं. वेग एकदम वाढायचा, एकदम पडायचा. धावपट्टी समोर दिसत होती. खरं सांगते, त्या क्षणी मला ते विमान रेटायचं होतं. खाली आप्पा होते. ठरलेली उंची आली, वेग जागेवर नव्हता. "गो अराउंड," मी म्हणाले आणि विमान वर उचललं.

तेवढ्यात वादळ विमानतळावरच येऊन बसलं. दुसऱ्यांदा प्रयत्नही करता आला नाही, हैदराबादला जावं लागलं. तिथे उतरताना एक गृहस्थ सोबतच्याला म्हणाले, "बाई चालवत होती ना, तरीच." एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मला नांदेडसाठी टॅक्सी गाठायची होती.

बिलोली मागे पडली तरी घरचा फोन कोणी उचलेना. नायगावच्या जवळ चुलत भावाने उचलला आणि "आता सावकाश ये," एवढं म्हणून ठेवला. मला कळलं. उरलेला रस्ता मी ढसाढसा रडत होते. वाऱ्याला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या. उतरवलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी सारखं विचारत होते. उत्तर मला तोंडपाठ होतं, तरीही.

आप्पांची माती झाल्यावर मायने सांगितलं. त्या संध्याकाळी आप्पांनी हट्टाने आपली बाज विहिरीजवळ नेऊन ठेवायला लावली होती. खोलीवर चढण्याचं बळ नव्हतं, पण दस्ती हातात होती. विमान जवळ आलं आणि मोठा आवाज करत वर निघून गेलं, तेव्हा मायने हंबरडा फोडला. आप्पांनी तिचा हात धरला.

"रडू नको. वाकडं आलं आसंल, म्हणून गेली वर. शानी हाय माझी लेक. आता येईल परत."

धूळ डोळ्यांत जायला लागली, तशी लोकांनी बाज उचलायला घेतली. ते न्हाई म्हणाले. "ती दुसऱ्यांदा येणार हाय. पाहू द्या मला." तिथेच, आभाळाकडे बघत ते गेले.

मी बरोबर केलं. कॅप्टन तसं म्हणाले, आप्पाही म्हणाले. उद्या पुन्हा तसं झालं, तर मी पुन्हा वर जाईन. नांदेडला मी अजूनही उतरते. विहीर खालून निघून जाते, मी बघत नाही. ते इतकी वर्षं तिथे उभे राहिले, आणि दस्ती हलवणारे माझे आप्पा मी एकदाही पाहिले नाहीत.