कच्चा पिवळा

गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत. कोपऱ्यावरचा शिंपीसुद्धा म्हणे, आणि तो तर तिच्याहून वयानं चांगला मोठा. खरी मावशी ती एकाच मुलीची, आपल्या धाकट्या बहिणीच्या लेकीची. पण एकदा नाव पडलं की पडलं.

मावशी हातमागावर भिंतीला लावायची कापडं विणायची. फुलं, पक्षी, हरणं असल्या भानगडीत ती पडत नसे. ती ऋतू विणायची. पालवी फुटायच्या दिवसांत नदीकाठी जाऊन तासन्‌तास बसायची आणि हात हलवत घरी यायची. "आज काय आणलंस?" असं कुणी विचारलं तर फणकाऱ्यानं म्हणायची, "ऋतू काय बाजारात मिळतो होय, पिशवीत घालून आणायला?" मग एक दिवस मागावर बसायची ती उठायचं नावच घ्यायची नाही. काहीच न करता बसणं हेच निम्मं काम, असं तिचं म्हणणं होतं. तसं बसणाऱ्या इतरांना मात्र ती आळशी म्हणायची.

रंग सगळे धाकटीचे. विणायचं थोरलीनं, रंगवायचं धाकटीनं, ही वाटणी दोघी परकरात होत्या तेव्हापासूनची. साली, पाला, गंजके खिळे, काय वाट्टेल ते उकळून धाकटी सुताच्या लड्या रंगवायची. मग माग होता त्या खोलीत खिडकीपाशी स्टूल घेऊन एकेक लडी उन्हात धरून बघत बसायची. नेमकी उजेडाच्या वाटेत. "सरक गं जरा, ऊन अडवतेस," हे मावशीनं जन्मभर ऐकवलं आणि धाकटी जन्मभर सरकली नाही.

पालवीचं कापड झालं, कडक उन्हाचं झालं, पावसाचं झालं. पानगळीचं राहिलं होतं, तेवढ्यात धाकटीनं अंथरूण धरलं. आणि अंथरुणातून उठून काय म्हणाली, तर हे कापड मी विणणार. मावशीनं आकाशपाताळ एक केलं. उपयोग शून्य. धाकटी रोज डाळिंबं मागवायची, दाणे लेकीला द्यायची आणि स्वतः एक दाणाही तोंडात टाकायची नाही. सालं तेवढी उशाशी ठेवायची. आजारी माणसाची लहर, म्हणून मावशीनं तिकडे काणाडोळा केला. तिचा जीव तुटत होता तो बहिणीच्या पोटात अन्न जात नव्हतं म्हणून.

कापड पुरं झालं आणि मावशीचा चेहरा पडला. नुसतं पिवळं. वरपासून खालपर्यंत एकसारखा हळदीचा पिवळा, आणि हळदीचा रंग कच्चा असतो, उन्हात उडतो, हे धाकटीनंच तिला कधीकाळी शिकवलं होतं.

"यात झाड कुठंय?" मावशीनं विचारलं.

"आहे की. त्याची वेळ आली की दिसेल."

"मला तर काही दिसत नाही बाई."

"तुला धीर कुठाय?" धाकटी हसली आणि डोळे मिटून पडून राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशीसुद्धा तिचे तळवे पिवळे होते. मावशीनं ते धुतले नाहीत, कुणाला धुऊ दिले नाहीत.

आधीची कापडं केव्हाच विकली गेली होती. बहिणीच्या हातचा तेवढाच रंग आता उरला होता, आणि तोही उडणारा. मावशीनं कापड मागच्या, मोठ्या मागाच्या खोलीत भिंतीला लावलं, समोरच्या खिडकीवर जाड गोधडी चारी कोपऱ्यांना खिळे मारून ठोकली आणि दार ओढून घेतलं. स्वतःसाठी लहान माग पुढच्या खोलीत मांडला. बाजारची रंगाची पूड आणून विणू लागली. कापडं विकली जात होती, लोक वाहवा करत होते, पण तिची पालवी इस्त्री केल्यासारखी यायची आणि पाऊस कोरडा. पानगळ आली की ती माग झाकून ठेवायची. नदीकाठीही जायची नाही. वाऱ्यानं पानं दारात आली की झाडू घेऊन अशी तुटून पडायची की शिंपी दुकानातून ओरडायचा, "मावशी, झाडाशी भांडण आहे का काही?"

भांडण झाडाशी नव्हतं. यंदाच्या पानगळीत मागच्या खोलीतून माग ऐकू येऊ लागला होता. ठक, मग जरा थांबून ठक ठक. धाकटीचाच हात, विणकाम न जमणाऱ्या माणसाचा, ताल चुकणारा. मावशी हातातलं काम टाकून कान देऊ लागली की तोही थांबायचा. दार उघडून बघावं तर माग रिकामा, आणि गोधडीचा एक कोपरा खिळ्यावरून सुटलेला. तो ठोकून घ्यावा, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटलेला. आधी तिनं वाऱ्याला शिव्या घातल्या, मग शिंप्याच्या मांजराला. खिळे बदलले, मोठे आणले. कोपरा सुटतच राहिला. शेवटी शेवटी तर ती खाली मान घालून आत जायची, घाईघाईनं खिळा ठोकायची आणि मागं न बघता बाहेर यायची. पाठीमागे स्टुलावर कुणी बसलंय याची तिला खात्री होती. तिला भीती वाटायची आणि भीती वाटते याची लाजही वाटायची, कारण बहीणच होती ना ती!

अशातच भाची आली. तिनं नवं घर घेतलं होतं. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, आईचं कापड मला दे ना. बैठकीत लावते."

"बैठकीत ऊन येतं?"

"भरपूर येतं."

"मग नाही मिळायचं."

"अगं, पण ते अंधारात ठेवून काय करायचंय? मला मेलीला ते दिसलंही नाही धड कधी. माझी आई आहे ती."

"म्हणूनच नाही!" मावशीचा आवाज चढला. "वर्षात पांढरंफटक पडेल ते. मग काय दाखवशील लोकांना, आईची चादर?"

तेवढ्यात मागच्या खोलीत ठक झालं. मावशीचा हात कपावरच राहिला. भाचीनं तिकडे पाहिलं. तिलाही ऐकू आलं होतं, आणि आपल्याला एकटीलाच भास होत नाही हे कळून मावशीला हायसं वाटण्याऐवजी घाम फुटला. भाची उठली, तशी मावशीही तिच्यामागून निघाली.

गोधडी या वेळी अर्धी खाली लोंबत होती. उन्हाचा तिरका पट्टा समोरच्या कापडावर पडला होता. मावशीनं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मान वर करून तिकडे पाहिलं आणि मटकन खालीच बसली. रोज सुटणाऱ्या कोपऱ्यातून ऊन यायचं तिथं कापडाची कड फिकट पडली होती.

"गेला," ती म्हणाली. "उडाला गं तिचा रंग. मी एवढं जपलं आणि..."

भाची कापडाजवळ गेली होती. "मावशी, ही फांदी कसली?"

"कसली फांदी?"

"इथं बघ. आणि ही तिची डहाळी."

मावशी उठली. पिवळा उडून गेला होता, पण सगळा नाही. फिकट पडलेल्या सुतामधून एक गडद पिवळी रेघ वर चढत गेली होती, तिला दुसरी फुटली होती, आणि जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं ती हळदीत बुडून दिसेनाशी झाली होती. मावशीनं रेघेवरून बोट फिरवलं. हा रंग हळदीचा नव्हता. हा कितीही उन्हात धरा, हलत नाही.

"डाळिंबाची साल," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन पिवळे आहेत यात. एक कच्चा, एक पक्का. नवे असताना ओळखू येऊ नयेत असे जुळवलेत तिनं. कच्चा गळून जायचा म्हणूनच घातलाय. पानं आहेत ती." मावशीनं त्या रेघेवर तळवा टेकवला. "झाड कुठंय म्हणून विचारलं मी तिला. आणि वर खिडकी बंद करून बसले. एवढी वर्षं पानगळच होऊ दिली नाही गं मी हिची."

भाचीनं तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या.

मग मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि गोधडी उतरवायला घेतली. ती मध्येच थांबली. झाड हवं तर हा पिवळा जाणार. बहिणीच्या हाताला लागलेला, तळव्यांवर शेवटपर्यंत राहिलेला तोच हा पिवळा, आणि तो पुन्हा कुठून आणायचा? गोधडीचा शेवटचा कोपरा धरून ती बराच वेळ उभी राहिली. भाची दाराशी जाऊन थांबली.

मावशीनं खिळा उपटला. खोलीत ऊन आलं. कापडाच्या मधोमध मात्र एक सावली पडलेलीच राहिली, बसल्या माणसाएवढी. मावशीनं खिडकीकडे पाहिलं. तिथं रिकामं स्टूल होतं.

या वेळी तिला भीती वाटली नाही.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "ऊन अडवतेस."

आणि जन्मात पहिल्यांदा धाकटी सरकली.