बेटाच्या टोकाला आई

पुण्यात खराडीतली नोकरी सोडून मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला निघाले, त्या सकाळी बाबांनी बॅगा टॅक्सीत ठेवल्या आणि "पासपोर्ट घेतलास ना?" हे पुन्हा पुन्हा विचारलं. आईने हातावर दही घातलं. रडारड झाली नाही. टॅक्सी धायरीच्या आमच्या सोसायटीतून बाहेर वळताना ती तेवढं ओरडली, "अगं, ओढणी दारात अडकलीय!" झाला निरोप.

आता ह्या बेटावर माझं घर आहे, नवरा आहे, शनिवारी लॉन कापायचं, सोमवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सगळं सुखाचं वाटतं. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना मात्र सांगायला नको, माणूस किती दमतं. पुण्याहून अवेळी फोन आला की हॅलोच्या आधी मी 'काय झालं?' विचारते. बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून एकच ध्यास, आईला कायमचं इकडे आणायचं. ती सुट्टीला आली, तेव्हा एके दिवशी तिला गाडीत घालून बेटाच्या दक्षिण टोकाकडे निघाले. निवांतपणी विचारता येईल म्हणून.

तिकडे नुसता शुकशुकाट. मेंढ्या, समुद्र, क्वचित एखादी गाडी. पहिलीच गाडी समोरून आली, त्या माणसाने स्टिअरिंगवरून बोटं उचलली, तशी आई दचकली.

"थांब, थांब! काहीतरी अडकलंय. तो सांगत होता!"

तिने ओढणी चाचपली, दार उघडून खाली पाहिलं. पुण्यात अनोळखी माणूस हात करतो, तो स्कूटरचा स्टँड खाली आहे नाहीतर ओढणी चाकात जातेय म्हणून. मी नवी असताना अशीच उतरून चारही चाकं तपासली होती. हे सांगितल्यावर दोघी पोट धरून हसलो.

"म्हणजे नुसतं हाय करायला? कमाल आहे बाई, वेळ बराच दिसतोय लोकांना."

किनाऱ्यावर पोळी-भाजी खाताना मी विचारलं, "आई, आता इथेच राहा ना. एकटी काय करतेस तिकडे?"

तिने शांतपणे डबा बंद केला. "इथलं काही सहन झालं नाही की फोनवर काय म्हणतेस? 'मी घरी येते गं.' मग मी नको का तिथे? मी इकडे आले, तर तू कुठे जाशील? हॉटेलात?"

मला वाटायचं, ती हट्टाने तिथे राहतेय. अहो, ती माझ्यासाठी घर राखत बसली होती, ह्या वयात, एकटी. आता घर म्हटलं की मला सोसायटी आठवत नाही, धायरी आठवत नाही. दार उघडणारी आई आठवते, आणि ती नसेल तेव्हाची भीती वाटते.

तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण उजेड असेतो परतायचं होतं, आणि गाडी मलाच चालवायची होती.