देव देऊळ सोडतो तेव्हा

बारामतीत आमचा दहा-बारा बायकांचा वाचनगट आहे. दर महिन्याला एकीनं काहीतरी नवं वाचून सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं, "यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातला प्रसंग सांगणार. देव स्वतःचं देऊळ सोडून जातो, तो."

शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण असलं काही वाचलं नव्हतं. यरुशलेमच्या मंदिरात देवाचं तेज राहायचं. लोकांनी आत नको ते पूजलं, बाहेर रक्त सांडलं, तेव्हा ते तेज उठलं. दूर परदेशात बंदिवासात असलेल्या एका संदेष्ट्याला हे दृष्टान्तात दिसलं. पण तेज एकदम जात नाही. गाभाऱ्यातून उंबऱ्यावर येतं, थांबतं. पूर्वेच्या दाराशी पुन्हा थांबतं. मग शहराबाहेरच्या डोंगरावर. रागावलेला देव असा रेंगाळत का जातो? चार दिवस मी त्याच ओळी वाचत होते. उलगडा होईना.

तेवढ्यात माहेरहून, वडगाव निंबाळकरहून, भावाचा फोन. "ग्रामदैवताचं देऊळ पाडून नवं बांधायचंय. उद्या देव हलवणार हायत. येतीस का?"

गेले. मंत्र म्हणून देवाचं तेज पाण्याच्या कलशात घेतलं आणि म्हातारे गुरव तो छातीशी धरून निघाले. देव तात्पुरता ठेवायची पत्र्याची शेड समोरच होती, पण ते उंबऱ्यावर उभे राहिले. मग आवाराच्या दारात थांबले. मग लिंबाखाली. दर वेळी वळून देवळाकडे बघत होते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कलश ठेवल्याबरोबर मी त्यांना गाठलं.

"आबा, सारखं थांबत का होता? दमलात?"

"दमतोय कशाला? देव घर सोडतोय, पोरी. भसाभसा निघंल व्हय? कुनी माघारी बोलवतंय का, बघत बघत जातो त्यो."

"आणि नाहीच कुणी बोलावलं तर?"

"तर जातो. पर वाट बघून जातो."

साठीची बाई मी, पण उडी मारावीशी वाटली! जेवायलाही न थांबता पहिली एसटी धरली आणि घरी येऊन सगळं टिपण फाडून नव्यानं लिहिलं.

गटात सांगताना माझा आवाज चढत गेला. गुरवांचं वाक्य सांगितलं तेव्हा दोघींनी डोळे पुसले. सणसरहून येणारी, घरचा ऊस स्वतः बघणारी मैत्रीण मात्र पुढं सरसावली. "मग गेला कुठं त्यो?"

"त्याची माणसं परदेशात धरून नेली होती ना, तो त्यांच्यातच होता. संदेष्ट्याला ते तेज आधी दिसलं होतं ते तिथंच, एका कालव्याच्या काठी."

"कालव्याच्या? आपल्यासारख्या, पाटपाण्याच्या?"

"हो!"

तिनं सतरंजीवर थाप मारली. "अगं, म्हंजी उसाला पाणी धरताना दिसायचा की त्यो!"

मग एकच गलका झाला. कुणी म्हणे, देवळाला मग अर्थच काय. कुणी म्हणे, देऊळ हवंच, नाहीतर तो थांबेल कुठं. चहा निवून गेला.

"आनि परत येतो का न्हाय?" सणसरच्या मैत्रिणीनं विचारलं.

"येतो. पुढं आहे ते."

"सांगू नगंस," ती म्हणाली आणि ग्रंथ माझ्या हातातून काढून घेऊन पिशवीत घातला. "पुढच्या खेपेला माझी पाळी."