डावा सायलेन्सर

बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला दोन सायलेन्सर. महिनाभर तिचा आवाज बिघडला होता. उजवीकडून खणखणीत फटफट, डावीकडून नुसती घुसमट. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलला शिव्या घातल्या. आज शेवटी चालू गाडीमागे उकिडवा बसलो आणि दोन्ही तोंडांपाशी तळहात धरले. उजवीकडे धुराचा गरम रेटा लागला, डावीकडे जेमतेम फुंकर. गाडी बंद करून डाव्या सायलेन्सरात वाकडी तार घातली, तर तेलाने माखलेलं, कडा करपलेलं कापड बाहेर आलं. उलगडलं आणि हादरलोच. बाबा गेल्यापासून आईने न नेसलेल्या हिरव्या साडीचा काठ होता तो.

"मीच कोंबलं," दारातून आई म्हणाली. "तू कोपऱ्यावर वळलास की हुबेहूब तेच आल्यासारखं वाटायचं. चहा टाकायला उठायचे रे मी."

माणूस जातो, पण त्याची चाहूल अशी लोखंडात शिल्लक राहते? मी आपला रोज संध्याकाळी घरी येत होतो, आणि आईच्या कानांत रोज बाबा दारापर्यंत येऊन परत जात होते.

आवाज आता सुधारला असेल. पण किक मारायला पाय उचलेना.