उलटं वाढलेलं ताट

नदीची बोट बरी की समुद्राची, हे मला आता कोणी विचारू नये. लालबागच्या आमच्या गल्लीत परत आल्यापासून मी हाच प्रश्न ऐकते आहे. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना ओकाऱ्या होतात. उरलेल्या निम्म्यांना कुठे जायचंच नसतं, मी गेले याचं त्यांच्या पोटात दुखत असतं. त्यात दादरला राहणारी माझी धाकटी बहीण. दोन्ही वेळा ती माझ्याबरोबर होती, त्यामुळे हल्ली मुळा घ्यायला मंडईत गेली तरी भाजीवालीला सांगते, "नदीत कसं, रोज नवीन गाव. समुद्रात कसं, निवांतपणा." निवांतपणा म्हणे. घरी ही काय खडी फोडते?

मी खानावळवाली. माझ्या आईने गिरणीकामगारांना जेवायला घालायला म्हणून दोन खोल्यांत सुरू केलेली खानावळ मी अजून चालवते. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले, आता टॉवरमधल्या ऑफिसांत आमचे डबे जातात. नवरा लवकर गेला. मुलगा एकच. त्याला मी हॉटेल मॅनेजमेंट शिकवलं ते त्याने टाय लावून टेबलामागे बसावं म्हणून. आमच्या दोन पिढ्यांनी लोकांच्या पुढ्यात वाकून वाढलं तेवढं पुरे झालं. तर हा शहाणा परदेशी जाऊन बोटीवर वाढपी झाला.

"आई, तिथे या कामाला मान आहे," तो फोनवर म्हणाला.

"मान असेल तर वाकायला कशाला लावतात?" मी म्हटलं.

तीन वर्षं तो युरोपात नदीच्या बोटीवर होता. नदीची बोट थंडीत बंद असते, त्यामुळे चार महिने तो घरी यायचा. मसाला दळून आणायचा, डबेवाल्यांशी हुज्जत घालायचा, माझ्याशीही घालायचा. मला वाटायचं, अजून दोन-तीन थंड्या गेल्या की हा इथेच रुळेल. मग त्याला समुद्रावरच्या एका छोट्या, श्रीमंत बोटीने बोलावलं. तिथे तो एक हंगाम करून बघत होता. तिथे थंडी-उन्हाळा काही नाही. बोट जगभर फिरत राहते आणि माणूस सुट्टी मिळेल तेव्हा येतो, मिळेल तेवढाच राहतो. दिवाळीच्या आत दोन्हींपैकी एकीच्या कागदावर सही करायची होती. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना दोन्हीकडे सवलत मिळते. नदी मी आदल्या वर्षीच बघून आले होते. तो म्हणाला, "आता समुद्रही बघून जा. तू सांगशील तिथे सही करतो."

खरं सांगते, मी मनाशी ठरवूनच निघाले होते. दोन्हींना नावं ठेवायची, पण समुद्राला जास्त.

नदीला नावं ठेवायला कष्ट पडले नव्हतेच. डॅन्यूब म्हणून नदी. बोट लांबलचक आणि चपटी, आमच्या चाळीची गॅलरी पाण्यात ढकलून दिल्यासारखी. नकाशात बघून बहीण महिनाभर हरखलेली. पहिल्या सकाळी मी पडदा सरकवला तर समोर नदी नाही, दुसरी बोट. धक्क्याला जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना चिकटून बांधतात. पलीकडच्या खिडकीत एक गोरा म्हातारा गंजीफ्रॉकवर दात घासत होता. त्याने माझ्याकडे बघून ब्रश हलवला. अहो, एवढं तर मला लालबागच्या खिडकीतूनही दिसतं, आणि तो म्हातारा निदान ओळखीचा असतो.

पूल आला की वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी खाली बसायचं, नाहीतर डोकं आपटेल. कानात यंत्र घालून, काठी उंच धरलेल्या गाईडबाईच्या मागे, रोज एक चर्च बघायचं. सहप्रवासी म्हणाल तर सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि बोलण्याचा विषय एकच, याआधी कोणकोणत्या नद्या झाल्या. नद्या झाल्या म्हणे, बाळंतपणं मोजावीत तशा. आणि चौथ्या दिवशी कॅप्टनने जाहीर केलं की नदीत पाणी कमी आहे, बोट पुढे जाणार नाही. मग आम्हा सगळ्यांना बसमध्ये बसवलं. बसने गेलो, पलीकडे दुसऱ्या तशाच बोटीत बसलो. बहीण म्हणते त्यामुळे गावं बघायला मिळाली. गावंच बघायची तर लाल डब्याने कणकवलीला गेले असते.

मुलगा तिथे सकाळी चहा मांडायचा, दुपारी लोकांच्या बॅगा उचलायचा आणि रात्री जेवण वाढायचा. दीडशे माणसं एकाच वेळी जेवायला बसायची, म्हणून वाढपी नुसते धावायचे. शेवटच्या रात्री सगळ्या वाढप्यांना टोप्या घालून गाणं म्हणायला लावलं. माझा मुलगा पिसाची टोपी घालून टाळ्या वाजवत होता आणि माझी बहीण त्याचा व्हिडिओ काढत होती. मी तेवढा वेळ नदीकडे बघत बसले.

पण एक होतं. बोट संध्याकाळी कुठेतरी बांधलेली असायची, आणि काम संपलं की तो कठड्याशी आमच्याजवळ येऊन उभा राहायचा. दोन शब्द बोलायचा. आणि थंडीत घरी यायचा. मला नदीतलं तेवढंच आवडलं. ते मी बहिणीला सांगितलं नाही.

मग यंदा समुद्र. ग्रीसच्या बाजूची बेटं. बोट छोटी, पाहुणे दोनशे आणि त्यांची सरबराई करायला जवळजवळ तेवढेच नोकर. खोलीत पाऊल टाकलं तोच एक माणूस माझी बॅग उघडून कपडे लावून द्यायला हजर. मी बॅगेवर बसले. आत सुकटीची चटणी होती. एकदा त्या खोलीत दरवळली असती तर त्याने दुसऱ्या बोटीवर अर्ज केला असता. मग उशांचं कार्ड आलं. नऊ प्रकारच्या उशा, त्यातली निवडायची. ज्याला गाढ झोप लागते त्याला एक उशी पुरते, आणि ज्याला लागत नाही त्याला नऊ देऊन काय होणार आहे?

पहिल्या रात्री चांदीच्या वाटीत बर्फ, बर्फावर काचेची बशी आणि बशीत काळी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. कच्ची. चमच्याच्या टोकावर घेऊन लोक डोळे मिटत होते. आमच्याकडे गाबोळी हळद-मसाला लावून तव्यावर कुरकुरीत करतात आणि भाताबरोबर खातात, डोळे उघडे ठेवून. बहिणीने मात्र डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. छोटी बोट, ती हलणारच. बहीण दीड दिवस आडवी, हातात कागदी पिशवी. मी तिला विचारलं, "काय गो, निवांत वाटतंय ना?"

माझं चुकलं ते जेवणाच्या टेबलावर. नदीवर मी जेवण झालं की सवयीने आमच्या बशा एकात एक रचून ठेवायचे, तिथले वाढपी हसायचे आणि उचलून न्यायचे. इथेही रचल्या. वर रुमालाने टेबल पुसलं. तर वाढप्यांचा मुख्य, कोट घातलेला, अक्षरशः धावत आला आणि माझ्या हातातून बशी काढून घेतली. मुलगा मागेच उभा होता. नंतर बाहेर येऊन हळूच म्हणाला, "आई, इथे तू पाहुणी आहेस. पाहुणीसारखी वाग, प्लीज."

मला ते फार लागलं. मी त्याच्याशी रात्रभर आणि सकाळी नाश्त्यापर्यंत बोलले नाही.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारी बसायची, एकटी. कानात हिरे, अंगावर शाल, आणि चेहरा असा की जगाने तिचं काहीतरी नेहमीच बुडवलंय. सूप गार म्हणून परत. मग फार गरम म्हणून परत. माझा मुलगाच तिला वाढायचा आणि ती एकदाही त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. उजवा हात शालीखाली मांडीवर ठेवून, डाव्या हाताने सावकाश, उपकार केल्यासारखी खायची. तिसऱ्यांदा तिने सूप परत केलं तेव्हा मी तिच्याकडे बघून गोड हसले आणि मराठीत शिवी घातली, "शिरा पडो तुझ्या तोंडात." मुलाच्या कानावर ते गेलं. तो सूप घेऊन आत गेला.

चौथ्या रात्री माझं लक्ष तिच्या टेबलाकडे गेलं. लक्ष जाणं हा माझा धंदाच आहे. आई सांगायची, वाढणाऱ्याने विचारायचं नसतं, बघायचं असतं. सगळ्यांचा पेला उजवीकडे होता, हिचा डावीकडे. पाव उजवीकडे. सुरी नाहीच. मासा अख्खा दिसत होता, पण तिने काटा लावला तसे त्याचे आतूनच कापलेले तुकडे सुटत गेले. कोणीतरी स्वयंपाकघरातच त्यातली हाडं काढून, कापून, तो पुन्हा जोडून मांडला होता. खुर्ची भिंतीच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शालीखालचा हात दिसू नये. तो हात तिने एकदाही वर काढला नाही. काढता येत नव्हता. मी चार दिवस त्याला माज समजत होते.

हे मी आधी बघितलेलं होतं. आईच्या खानावळीत एक कामगार जेवायला यायचा. त्याच्या उजव्या हाताची बोटं गिरणीत मशीनने नेली होती. डाव्या हाताने जेवायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो सगळे उठल्यावर यायचा. आईने त्याला पंगतीच्या टोकाला, भिंतीशी जागा दिली आणि त्याचं ताट उलटं वाढायला लागली. जे उजवीकडे वाढायचं ते डावीकडे. बांगड्याचे काटे आतच काढायची. शेजारची एक बाई म्हणाली, असं उलटं मेलेल्यांना वाढतात. आई म्हणाली, "बोटं गेलीत त्याची, भूक नाही गेली." पुढे तो सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागला.

जेवणं आटोपल्यावर मी मुलाला गाठलं. "तुला हे कोणी शिकवलं?"

"आजीने सांगितलेलं," तो म्हणाला. "तू डबे भरत असायचीस."

"ती बाई थँक्यू तरी म्हणते का?"

"तिला माहीतच नाही, आई. तिला कळलं तर काय उपयोग?" मग म्हणाला, "नदीवर हे जमायचं नाही. दीडशे ताटं एकदम. इथे एका माणसाकडे बघायला वेळ मिळतो."

मी खोलीत आले. बहीण घोरत होती. मी त्या नवव्या प्रकारच्या उशीवर डोकं ठेवून आमच्या खानावळीचा विचार करत राहिले. बाकडी मी कधीच काढून टाकली. आता डबे भरायचे, झाकण लावायचं, बाहेर धाडायचे. कोण जेवतं, कोण टाकतं, कोणाला कोणता हात नाही, मला काही दिसत नाही. माझ्या आईचं काम माझ्या घरात उरलेलं नव्हतं. ते या माजोरड्या बोटीवर, या माजोरड्या लोकांमध्ये चाललं होतं. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि रडूही आलं.

उतरायच्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला चहा आणून दिला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो टेबलाशी उभा राहिला. "मग आई? नदी की समुद्र?"

माझा उजवा हात टेबलाखाली होता. पदराचा शेव मुठीत धरला होता आणि ती मूठ काही केल्या सुटत नव्हती.

"नदी कसली ती," मी म्हटलं. "नाला मेला. पाणी आटलं की बसमध्ये कोंबतात. समुद्रावरच सही कर."

"अगं ताई, पण कालपर्यंत तर तू..." बहीण म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. माझा चहा तसाच गार झाला होता, तो उचलून आत घेऊन गेला आणि दुसरा गरम कप घेऊन आला. कप त्याने माझ्या डाव्या बाजूला ठेवला, कान डावीकडे वळवून.

मी डाव्या हाताने चहा प्यायले.