मासी ‘लता’ म्हणाली

नवऱ्याच्या बदलीच्या नोकरीमागे कोलकात्यात आलो तेव्हा लेक तान्ही होती. गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये खालच्या मुलांबरोबर ती बंगालीतच बोलायला शिकली. मला अजून ती भाषा धड येत नाही. मासेवाला असो, शेजारीण असो, मी लेकीला पुढे करायची आणि तीही मिरवायची. मराठी मात्र धेडगुजरी. ‘माझी पुस्तक’, ‘मी तुला बोलली’. नीट मराठी ती फक्त आमच्या कुत्र्याशी बोलायची, कारण त्याला दुसरं काही कळत नसे. ती शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून आधी त्याला दिवसभराचं सगळं सांगायची, मग आम्हाला.

दुर्गापूजेच्या दिवसांत ढाक, म्हणजे तिथले मोठे ढोल, वाजायला लागले की तो पलंगाखाली थरथरत बसे. म्हणून यंदा बजबजच्याही पुढे, नदीकाठी एक कॉटेज चार दिवस भाड्याने घेतलं. कुत्र्यासकट राहू देणारी जागा मिळता मिळत नाही, त्यामुळे मी भलतीच खूश होते. समोर तळं, मागे चुलीसाठी रचलेलं सरपण, छपरावर भोपळ्याचा वेल. राखणीला एक म्हातारी बाई होती. लेक लगेच तिला मासी म्हणायला लागली.

दिवेलागणीला मासी सरपणाकडे हात करून हलक्या आवाजात म्हणाली, “ओदिके लता आछे. कुकुरटाके बेंधे राखो.”

“काय म्हणतेय गं?”

“तिकडे वेल आहे. कुत्र्याला बांधून ठेवा.”

“घ्या. हा काय हिचे भोपळे खाणार आहे?” मी म्हटलं.

लेक खुदकन हसली आणि तिने त्याचा पट्टा सोडला.

तो सरपणामागे गेला आणि एकदाच केकाटला. परत आला तो पुढचा पाय वर धरून. लेक त्याच्यापाशी धावली. मासी कपाळ बडवत ‘लता, लता’ करत राहिली आणि मी नुसतीच बघतेय म्हटल्यावर तिने मला हाताचा फणा करून दाखवला.

साप म्हणाली असती तर जीभ झडली असती का मेलीची, असा संताप आला मला. पण तो टिकला नाही. माझ्या माहेरीही दिवे लागल्यावर सापाला साप म्हणत नाहीत, नाव घेतलं की येतो म्हणतात. आम्ही ‘जनावर’ म्हणतो. दारात एखादा बंगाली पाहुणा उभा असता तर त्याला गाय-म्हैस वाटली असती.

नवऱ्याने गाडी काढली. तिथला गुरांचा डॉक्टर सुट्टीवर गेलेला, आणि शहराच्या रस्त्यावर मांडवामागून मांडव. मागच्या सीटवर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन लेक बोलत होती. “झोपू नकोस हं. आलं आपलं घर. पाणी पितोस का? बरं, नको पिऊस.” एकही चूक नाही. एका मांडवापाशी गाडी अडकली आणि तिथेच तो गेला. ती मात्र बोलतच राहिली. तिला थांबवायची आमची दोघांची छाती झाली नाही.

क्वार्टर जवळ आल्यावर तिने विचारलं, “आई, मासी वेलच म्हणाली ना?”

“वेलच गं. त्या वेलात साप बसला होता.”

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

पूजा संपल्यावर मासीचा फोन आला. तिच्या बोलण्यातलं ‘मेये’ म्हणजे मुलगी, एवढंच मला कळलं. सवयीने मी फोन लेकीच्या कानाला लावला. “बघ गं, काय म्हणतेय.”

तिने बराच वेळ ऐकलं. मासीचं रडणं मलाही ऐकू येत होतं, त्यात मधूनमधून ‘लता’ही. मग तिने फोन माझ्या हातात परत दिला.

“काय म्हणाली?”

“मला बंगाली येत नाही,” लेक म्हणाली.